फिरकी कोणाच्या हातात होती

संक्रांतीला आमच्या गच्चीवर सगळ्यांच्या माना वर असतात. शेजारच्या शैलाताईंची तेवढी सरळ. त्या जन्मापासून आंधळ्या आहेत आणि पतंग त्यांना मांजावरच्या बोटातून कळतो. यंदा त्यांची फिरकी मी धरली होती.

माझं मन आजारी पडल्यापासून घरात माझ्याशी सगळे हळू बोलतात. माझ्या हातून कप फुटला, तरी कपाचीच चूक असल्यासारखं हसतात. ही माया खरी आहे, पण तिच्यात राहून मीही स्वतःला काचेचा समजायला लागलो होतो.

पेच लागला. "ढील दे," शैलाताई म्हणाल्या. मी वर बघतच राहिलो.

"अरे, ढील दे म्हणतेय ना! झोपलास का?"

आई लगबगीनं पुढे आली. "शैलाताई, त्याला जरा बरं नसतं हो..."

"मग? फिरकी त्याच्याच हातात आहे. ओरडू कोणाला?"

मी भानावर येऊन फिरकी सैल सोडली, ती घरघरत सुटली, पण उशीर झाला होता. मांजा एकदम हलका झाला.

"गेला. तुझ्यामुळे गेला," त्या चिडून म्हणाल्या.

माझ्यामुळे. आजारामुळे नाही, गोळ्यांमुळे नाही. छातीत असं काही उसळलं की वाटलं, पळत जाऊन तो कटलेला पतंग आपणच पकडावा.

शैलाताई आता नव्या पतंगाला कणी बांधताहेत. फिरकी त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.