तांडेलाचा पहिला घास

टीबीचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट, मग लोक मधेच सोडतात का, असं कुणी विचारलं की मी त्याला आधी चहा पाजते. कारण उत्तर लांबतं. दोन हजार सालाच्या आसपास मी रत्नागिरी जिल्ह्यात टीबीची सिस्टर म्हणून फिरायचे. तेव्हाचे किस्से आठवायला बसलं की एकामागून एक निघतच राहतात!

गुहागरच्या एका काकूंचा खोकला दुसऱ्याच महिन्यात थांबला. मी गेले तर काकू पोफळींना पाणी लावत होत्या आणि गोळ्या पोफळीच्या बुंध्याशी. म्हणाल्या, "बरं वाटतंय गो आता, उगाच कशाला?" मेलं हे बरं वाटणंच घात करतं. मी म्हटलं, "काकू, पोफळीचा टीबी गेला असेल, तुमचा आहे तिथंच आहे." त्यानंतर गोळी गिळली की काकू मला जीभ काढून दाखवायच्या, तीही रागानं.

या गोळ्यांनी लघवी लाल होते. माहीत नसलं की माणूस घाबरून औषधच टाकतो, म्हणून मी ते आधीच सांगायचे. भाट्ये गावच्या एका मास्तरांनाही सांगून घरी घ्यायच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला मास्तर हसत आले. तुम्ही उगाच घाबरवलंत, रंग काही बदलला नाही म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, आता गोळी घेऊन बघा, बदलेल." गृहपाठ विसरलेल्या पोरासारखं तोंड झालं त्यांचं.

पण खरी माझी झोप उडवली ती नाटे गावच्या कासमभाईनं. मच्छीमार बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवर त्याचा शब्द शेवटचा. यानं मागे दोनदा औषध सोडलेलं. बोट दर्यावर आणि गोळ्यांचा डबा घरी! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यावेळी सोडलंस तर पुढे या गोळ्या लागू पडणार नाहीत. बायको दाराआड रडत होती.

मी डबा सरळ बोटीवर जेवण करणाऱ्या महादूच्या ताब्यात दिला. डॉक्टर हसले. तांडेलाला तोंड उघड म्हणायची त्याची काय छाती, म्हणाले.

महादू डबा घेऊन बोटीवर गेला. त्या बोटीवर रीत अशी, की तांडेलानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. महादूनं तांडेलापुढे गोळ्या ठेवल्या आणि भाताच्या टोपावर झाकण घालून बसला. कासमभाईनं शिव्या घातल्या, बोटीवरून उतरवीन म्हणाला. महादू ढिम्म. जाळं ओढून दमलेले खलाशी रिकामी ताटं घेऊन तांडेलाच्या तोंडाकडे बघत बसले. भात निवला तेव्हा एक म्हातारा खलाशी हळूच म्हणाला, "तांडेल, खोकला तुझा आणि उपास आम्हाला."

गिळल्या! नंतर प्रत्येक खेपेला गिळल्या.

कासमभाईचा शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. मी जेटीवरच ओरडले, लोक बघायला लागले तरी मला पर्वा नव्हती. डबा संपला, बोट पुन्हा दर्यावर गेली.

परत आल्यावर महादूनं सांगितलं. पहिल्या दिवशी ताटं वाढली, पण कासमभाई काही घास घेईना. नुसता हात पुढे करून बसला. खलाशी थांबले. महादूनं जरा वाट बघितली, मग गुळाचा खडा फोडून त्या हातावर ठेवला.

तांडेलानं तो तोंडात टाकला, जीभ काढून दाखवली, आणि सगळे जेवायला लागले.