फळ्यावरचा एबी गट

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत आज घाईनं लिहितेय. दुपारपासून जिवाला चैन नाही.

सकाळी अकरावीला रक्तगट शिकवले. एकाच जनुकाची ए, बी, ओ अशी तीन रूपं; आईकडून एक येतं, बापाकडून एक, आणि ओ गटाला दोन्हीकडून ओच लागतं. म्हणून एबी गटाच्या बापाचं मूल ओ गटाचं नसतं, असं फळ्यावर ठासून लिहिलं.

तास संपल्यावर पार्वती आली. गेल्या महिन्यात होडीवर तिच्या बापाचा पाय मोडला, तेव्हा रक्तासाठी घरच्यांचे गट तपासले होते.

"बाई, बाबा एबी, मी ओ. फळ्यावर चुकलंय ना?"

"दवाखान्याची चिठ्ठी चुकली असेल," मी म्हटलं. तिला पटलं नाही. जेवायला गेल्यावर तिनं घरी तेच विचारलं.

दुपारी बाप कुबडी टेकत शाळेत आला.

"माझ्या भावाची पोर हाय ती. तो दर्यात गेला, भावजय बाळंतपणात. तिला ठाव न्हाय. बाई, तेवढं पुसा."

मी फळा पुसला. पण पार्वतीनं ते तिच्या वहीत उतरवलंय, आणि उद्याच्या चाचणीत तो प्रश्न आहे. काढून टाकला, तर ती कारण विचारेल.

तुम्ही हे वाचाल तेव्हा चाचणी झालेली असेल. तरी सांगा, तिच्या अचूक उत्तरावर बरोबरची खूण करायला तुमचा हात धजला असता?