आत्याच्या मंगलाष्टकावरच्या खुणा

माझी शाळा सगळी तेलुगूत झाली. घरात मराठी आणि पाटीवर तेलुगू, याचं जैनथकडच्या आमच्या सीमेवरच्या गावात कोणाला नवल नाही. लग्न ठरलं त्या वर्षी मी हट्टाने बाहेरून बी.ए.ला मराठी घेतलं. पहिल्याच पुस्तकात वृत्त, गण, यती असे शब्द भेटले आणि मला शिंगं फुटली. भाजीवाल्याची आरोळीही मी अक्षरं मोजत ऐकायला लागले.

आमच्या घरात लग्न कोणाचंही असो, मंगलाष्टक आत्याचंच. तिचं सासर गावातलंच, शिक्षण चौथीपर्यंत. कापूस वेचता वेचता ती ओळी जुळवायची, कोणाकडून तरी वहीत उतरवून घ्यायची आणि मांडवात वहीकडे न बघता म्हणायची. माझ्या लग्नाचं मंगलाष्टक तिने मलाच उतरवायला बसवलं. पहिली ओळ होती, ‘जाई लाडकि लेक आज घरुनी, डोळ्यांत पाणी उभे.’

‘आत्या, हे शार्दूलविक्रीडित आहे ना?’ मी विचारलं.

‘मले काय मालूम? मंगलाष्टक हाय.’

मी शाळेत शिकले होते तशा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लघु-गुरूच्या खुणा केल्या आणि पुस्तकातल्या खुणांशी ताडून पाहिल्या. काहीच जुळेना. सगळं मंगलाष्टक तपासलं, तीच गत. मग मी तिला सांगून टाकलं, की तुझी एकही ओळ वृत्तात बसत नाही. खोटं कशाला बोलू, सांगताना मला बरं वाटलं.

‘इतकी वर्सं मी चुकीचंच म्हनून राह्यली?’ ती एवढंच म्हणाली. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि मला शिकव म्हणाली. मी शिकवलं. आखूड अक्षर लघु, लांब अक्षर गुरु, बाराव्या अक्षरावर थांबायचं तो यती. आठवडाभर तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. ओळी दुरुस्त करणं मलाही जमेना. शेवटी मी म्हटलं, राहू दे आत्या, लोकांना कुठे कळतंय!

लग्नात अंतरपाट धरला गेला. आत्याने माईक हातात घेतला. ‘जाई लाडकि लेक आज घरुनी’ इथपर्यंत स्वच्छ आलं आणि ती थांबली. अंतरपाटाच्या कडेने मला तिचा रिकामा हात दिसत होता. अंगठा पेरांवरून पुढे जायचा, परत मागे यायचा. पुढचे शब्द माझ्या ओठांवर होते. पण नवरी मांडवात तोंड उघडत नाही, आणि ती ओळ चुकीची आहे असं तिला सांगणारी मीच होते. मी पाटाकडे बघत उभी राहिले. शेवटी भटजींनीच पुढचं म्हणायला घेतलं. बाया डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, ‘भाचीची माया हाय, गळा दाटला.’

तिचा गळा दाटला नव्हता. हे त्या मांडवात मला एकटीला माहीत होतं.

दोन महिन्यांनी नदीपलीकडच्या कॉलेजात बाहेरून बसणाऱ्यांसाठी वर्ग होता. सरांनी फळ्यावर खुणा काढल्या: आडवी रेघ म्हणजे गुरु, वाटीसारखी खूण म्हणजे लघु. आमच्या तेलुगू शाळेत वाटी म्हणजे गुरु आणि उभी रेघ म्हणजे लघु. उभी काय नि आडवी काय, रेघ ती रेघ, असं धरून मी पुस्तकातल्या खुणा उलट्या वाचून आत्याच्या सगळ्या ओळी चूक ठरवल्या होत्या. तिथेच बाकावर तिची पहिली ओळ पुन्हा मांडली. एकोणीसच्या एकोणीस अक्षरं जागच्या जागी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी बस धरून आत्याकडे गेले. ती सुपात तुरीची डाळ निवडत होती. ‘आत्या, चूक माझी होती. तुझं सगळं बरोबर होतं,’ मी म्हटलं.

तिने सूप खाली ठेवलं नाही. ‘आज बरोबर म्हनतं. उद्या दुसरं पुस्तक वाचशीन, मंग?’

मी कागद काढला, समजावलं, पाया पडले. माझ्या समाधानासाठी ती म्हणायला लागली, तर तिसऱ्या अक्षराला अडली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडली. ‘जाऊ दे वं,’ म्हणाली आणि डाळीतला खडा काढून टाकला. मला काहीच करता येत नव्हतं. शिकवलेलं परत काढून घ्यायची काही रीत नाही.

यंदा इचोड्याला तिच्या सख्ख्या नातीचं लग्न झालं. मंगलाष्टकं कोणीतरी मोबाईलवर लावली, मोठ्या आवाजात, शहरी गळ्याची. आत्या मुठीत अक्षता घेऊन माझ्या शेजारी उभी होती. पहिलं कडवं संपलं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. तिची मूठ मिटलेलीच होती. ती माझ्याकडे झुकली आणि हळूच विचारलं, ‘हे तरी बरोबर हाय का वं?’