ओरिजनल वॉल आणि पांढरे बूट

मंचरच्या गॅरेजात माझी स्कूटर दुरुस्त होत होती. शेजारी बाकावर एक बाई मटार सोलत बसल्या होत्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट होते. समोर त्यांचे यजमान मेकॅनिकला व्याख्यान देत होते. पाण्याऐवजी हवेवर थंड होणाऱ्या त्यांच्या जुन्या मोटारीचं इंजिन उघडलं होतं, आणि जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे एक्झॉस्ट वॉल, कोणते घालायचे, हा प्रश्न होता.

"हे ओरिजनल आहेत. घासून परत बसव," यजमान म्हणाले. सूर घराण्याची वंशावळ सांगावी असा.

"मामा, असल्या इंजनात हा वॉल लई तापतो. जुना झाला की मुंडी तुटून आत पडते. मागं तुटला न्हाई का?"

"एकच तुटला!"

बाईंनी शेंग खाली ठेवली. "अहो, तो एक तुटला तवा घाटात गाडी ढकलली कोणी? तुमी स्टेरिंग धरून बसला व्हता. नवं टाका, न्हाईतर माहेरी मी एस्टीनं जाते. तुमी ओरिजनलला घेऊन या."

मला बुटांचा उलगडा झाला. यजमानांनी नवे वॉल निवडले.

पुढे एकदा खोडदच्या रस्त्यावर तीच गाडी मला ऐटीत मागे टाकून गेली. बाई पुढे बसून हसत होत्या. मागच्या काचेपाशी पांढरे बूट ठेवलेले दिसले. पायातून निघाले होते, गाडीतून उतरले नव्हते. संसारातला विश्वास बहुधा एवढाच असतो, आणि तेवढ्यावर घाट चढता येतो.