कौंडण्यपूरचा विषय

नव्या माठातल्या पहिल्या पाण्याला ओल्या मातीचा वास येतो. त्या वासाने मला अमरावतीचं कॉलेज आठवतं आणि या वयातही थोडा हेवा वाटतो.

एम. ए.चं शेवटचं वर्ष होतं. प्रबंधासाठी इतिहासाच्या सरांनी दोन विषय काढले होते. एक कौंडण्यपूरच्या नदीकाठी जुनी वस्ती गाडली गेलेल्या टेकाडांचा, दुसरा ग्रंथालयात बसून करायचा. मला टेकाडंच हवी होती.

"मुलीची जात, उन्हातान्हात कुठे फिरणार?" सर म्हणाले आणि टेकाडं नामदेवला दिली. मी अकोल्याच्या वकिलांची लेक, वर्गात पहिली. नामदेव वरूडकडच्या माळ्याचा मुलगा.

पहिल्या फेरीहून परतल्यावर त्याने व्हरांड्यात उपरण्याची गाठ सोडली आणि तिथली खापरं माझ्यापुढे मांडली. अजून ओलसर होती. एकावर कुंभाराच्या बोटाचा ठसा होता. मी त्यात बोट ठेवलं, ते नेमकं बसलं, आणि मला ते काढवेना.

"नशीबवान आहात," मी कसंबसं म्हणाले.

"कायचं नशीब, ताई!" तो म्हणाला. "जलमभर मातीच उकरून राहिलो न मी. मले सावलीत बसून वाचायचं होतं. तुमचा विषय मले भेटाले पायजे होता."

तो थट्टा करतोय असंच मला वाटलं. त्याची नजर माझ्या हातातल्या जाड पुस्तकावर होती. ती नजर आज मला ओळखता येते. तेव्हा मी पुस्तक काखेत मारलं आणि विचारलं, "पुन्हा कधी जाणार?"