बेलपाड्याची तीन उपाशी खाचरं

सायकल बांधाला टेकवली तेव्हाच मासळीच्या खताचा वास आला. मागच्या कॅरिअरवरून वसंता उतरला, समोर बघितलं आणि आहे तिथेच मटकन बसला. चिखलात.

"साहेब, कंट्रोल गेला," तो म्हणाला.

त्या वर्षी मी पनवेलजवळच्या एका सरकारी प्रयोगशेताचा सुपरिंटेंडेंट होतो. वसंत माने हा एम.एस्सी. अॅग्रीचा विद्यार्थी, घाटावरचा. खाऱ्या जमिनीत भाताला पाल्याचं खत मानवतं का, हा त्याच्या थिसिसचा विषय. बेलपाड्याच्या गोमाजी घरतांनी खाडीलगतची सहा खाचरं त्याला वापरायला दिली होती. तीन खाचरांत लावणीआधी पाला गाडला. उरलेल्या तिन्हींना काहीच द्यायचं नाही. त्यालाच आम्ही कंट्रोल म्हणतो. ती उपाशी राहिली तरच बाकीच्यांना खताचा गुण आला की नाही हे कळतं. कंट्रोल बिघडला की प्रयोग संपला.

आणि इथे तर कोणीतरी तिन्ही उपाशी खाचरांत मासळीचं खत ओतलं होतं. जिथे रोपं मेली होती तिथे नवी लावून नांगेही भरले होते. काम इतकं नेटकं की एरवी मी शाबासकी दिली असती.

वसंताची स्कॉलरशिप त्या एकाच पावसाळ्यापुरती होती. आकडे नाहीत तर थिसिस नाही, थिसिस नाही तर पदवी नाही. घरी आई आणि दोन बहिणी त्याच्या नोकरीकडे डोळे लावून बसलेल्या. माझं डोकं फिरलं. तरातरा गोमाजींच्या अंगणात गेलो.

"खाचरांत खत कोणी टाकलं?"

"आमी सगल्यांनी," गोमाजी हसत म्हणाले. "काल जोल केला."

खाडीकाठच्या या खारेपाटात जोळ हा जुना रिवाज. भरतीनं बांध फुटला की घरटी एका माणसानं बांधावर हजर व्हायचं, कोणाचं शेत हे विचारायचं नाही. त्याच जोळानं वसंताची खाचरं सुधारली होती. मी बेने इस्राएली, म्हणजे इथला ज्यू; शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी मी कामावर येत नाही आणि त्याबदली रविवारी येतो, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. वसंताही आठवडाभर पुण्याला गाईडकडे गेलेला. गावानं बरोबर शनिवार साधला होता.

"त्यानं सांगितलं नव्हतं, तिकडे काही टाकायचं नाही म्हणून?"

"सांगलं व्हतं की. आमाला वाटलं, सरकारचं खत संपलं आसल. पोरगा लाजतोय मागायला. परीक्षेचा सायेब येल, ती मेली खाचरं बगल, मंग नापास नाय करनार?"

तोंडाशी आलेल्या शिव्या मी गिळल्या. तेवढ्यात गोमाजींची बायको हिराबाई बाहेर आली. वसंता तिच्याच घरी जेवायचा. खताच्या टोपल्या तिनंही डोक्यावरून वाहिल्या होत्या. मागून येऊन अंगणाच्या कडेला उभ्या राहिलेल्या वसंताचा चेहरा तिनं पाहिला.

"काय रं? आमचं चुकलं काय?"

मी त्याच्याकडे बघितलं. एका वर्षावर पाणी पडलेला माणूस काय बोलतो, याची मला धास्ती वाटली.

"नाही काकू," वसंता म्हणाला. "नांगे फार छान भरलेत."

त्या पोराबद्दल मला तेव्हा जी माया वाटली, ती आजही तशीच आहे.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "गाईडना कळवायलाच पाहिजे."

"हो. खोटे आकडे नाही लिहायचे मला."

गाईड म्हणजे प्रोफेसरसाहेब पुढच्याच आठवड्यात आले. सोलर हॅट, कडक इस्त्री, त्याहून कडक जीभ. खाचरं बघून म्हणाले, "हा सीझन रद्द. पुढच्या वर्षी शेजारच्या ताज्या खाचरांत पुन्हा करा. आणि गावाला मी स्वतः समज देतो."

समज द्यायला म्हणून ते गोमाजींच्या पडवीत बसले. हिराबाईनं त्यांच्यापुढे तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण ठेवलं. "आमचा पोरगा पास जाला ना?" तिनं विचारलं.

प्रोफेसरसाहेबांनी एकदा भाकरीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. घसा साफ केला. "त्याला आणखी एक वर्ष इथंच ठेवतोय."

"आनखी येक वरीस?" हिराबाईचा चेहरा फुलला. "बरा जाला बाय! पुन्यात कोन त्याला जेवाया वाडनार!"

समज राहूनच गेली. परतताना साहेब मला एवढंच म्हणाले, "कालवण फार चांगलं होतं."

मी वसंताला प्रयोगशेतावर टेम्पररी असिस्टंट म्हणून लावून घेतलं आणि पुढच्या पावसाळ्याआधी गावाची बैठक बोलावली. कंट्रोल म्हणजे काय ते सांगितलं. पुन्हा सांगितलं. गोमाजी विचारात पडले.

"म्हंजे येका पोराला उपाशी ठेवाचा, दुसरा किती वाडला ते बगाया?"

"तसंच समजा."

"वंगाल शिक्शान हाय," ते म्हणाले. पण शब्द दिला.

शब्द पाळणं त्यांना जड गेलं. हिराबाई नव्या तीन उपाशी खाचरांच्या बांधावरून जाणंच टाळायची. लोंब्या धरल्या तेव्हा फरक आंधळ्यालाही दिसला असता. पाल्याच्या खाचरांत भात कमरेला लागत होतं, कंट्रोलमध्ये पिवळी, खुरटी रोपं. वसंता खुशीत. एक्स्टर्नल एक्झामिनर आले, बघून मान डोलावली. म्हणाले, "इतका स्वच्छ कंट्रोल मी क्वचितच पाहिलाय."

एवढ्यात बांधावरून घरटी एक माणूस येताना दिसला. पुढे गोमाजी. परीक्षकांसमोर येऊन त्यांनी डोक्यावरचं फडकं काढलं आणि हात जोडले.

"सायेब, या तीन खाचरांपायी पोराला नापास करू नका. त्याच्यात काय खोट नाय. आमीच खत टाकलं नाय."

परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी खाडीकडे बघायला लागलो.

वसंता फर्स्ट क्लासमध्ये पास झाला. पुढे माझ्याकडे आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी एकच सल्ला दिला: खत कुठलंही वापरा, पण जेवायला गावात राहू नका. एकानंही तो ऐकला नाही.