विनाफटक्याची घोडी

सव्वीस जानेवारीला आमच्याकडं सकाळी झेंडा आणि दुपारी टांग्याच्या शर्यती. सकाळी झेंड्याला सलाम ठोकणारी माणसंच दुपारी खिळ्याची काठी घेऊन येतात. टोकाला बोटभर खिळा, घोड्याच्या मांडीत खुपसायला. मी याच्याविरुद्ध पत्रकं काढते, तामलवाडीत वाटते आणि शिव्या खाते.

माझ्या मामांकडं राखी नावाची घोडी होती. त्यांच्याही टांग्यात ती काठी होती. यंदा भांडून भांडून मी त्यांचा शब्द घेतला. घोडी न मारता पळवायची. पहिल्या तिनात आली तर काठी कायमची विहिरीत. नाही आली तर मी तोंड मिटायचं आणि मामा काठी चालवणार.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी चहाच्या हॉटेलापुढं ‘अंदाज’ असतो. गुडघा मोडलेला एक म्हातारा टांगेवाला बाकड्यावर बसतो. एकेक घोडा त्याच्यापुढून चालवतात. तो छाती चाचपतो, खूर उचलून बघतो आणि कुणावर पैसे लावायचे ते सांगतो. पोरं मोबाइलवर ते रेकॉर्ड करून तालुकाभर पोचवतात. लाल घोडा दमाला कच्चा, काळा वळणाला बुजतो, असं चाललं होतं. तिथंच मी पत्रक वाटलं: ‘उद्या राखी घोडी एकही फटका न खाता पळणार. बघायला या आणि लाज वाटून घ्या.’

म्हाताऱ्यानं ते वाचून घेतलं, जरा वेळ राखीच्या पायांकडं बघितलं.

"मारल्याबिगर पळवायलेत म्हंजी अंगात लई शिल्लक हाय," तो म्हणाला. "राखीवर लावा."

झालं. वर्षभर माझ्या पत्रकांवर भजी खाणाऱ्यांनी हे पत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

शर्यत माळावर. लिंबाला वळसा घालून परत यायचं. टांग्यांना खेटून मोटारसायकली, नुसते हॉर्न आणि फुफाटा. मी स्कूटीवर मामांच्या मागं. लिंबापर्यंत राखी तिसरी होती. मामा नुसतं चुचकारत होते. वळणावर ती चौथी झाली, आणि पैसे लावलेल्यांनी ते बघितलं.

पहिली मोटारसायकल उजवीकडून भिडली. मागच्यानं राखीच्या पाठीवर वेळूची काठी मोडली. दुसऱ्याच्या हातात साखळी होती. तिसरा ओणवा होऊन पोटात लाथा घालत होता. मामांनी एका हातात लगाम धरला आणि दुसऱ्या दंडावर जमतील तेवढे फटके झेलले.

"मारू नका रं," ते म्हणत होते, "शब्द दिलाय म्या."

मी स्कूटी मधी घातली. खांद्यावर लाथ बसली आणि मी मुरमात पडले. पडल्या पडल्या दिसलं, साखळी राखीच्या उजव्या डोळ्यावर बसली. ती किंचाळली. घोडा असा किंचाळतो हे मला माहीत नव्हतं. मग ती सुटली ती दुसरी आली.

लोकांनी मामांना खांद्यावर नाचवलं. दंडातलं रक्त गुलालात दिसत नव्हतं. कुणीतरी मला म्हणालं, "ताई, तुमची टिप खरी निघाली."

घरी आल्यावर मामांनी काठी विहिरीत टाकली. शब्द तो शब्द. मग फुटलेला डोळा ओल्या फडक्यानं पुसत म्हणाले, "म्या न्हाय मारलं, पोरी." घोडीला सांगत होते.

एक मेच्या शर्यतीसाठी मामांनी राखी दाखवायला नेलीच नाही. तरी म्हाताऱ्याचा अंदाज मोबाइलवर आला: राखी उतरली तर उजव्या अंगानं हाणा, दिसत न्हाय तिला, दचकून पळती.

ते ऐकून पैसे लावणारे दोघं दारात आले. घोडी पळवाच म्हणून मामांना गळ घालू लागले. त्यातला एक, खरंच दिसत नाही का बघायला, उजवीकडून गेला आणि तिच्या पुठ्ठ्यावर जोरात थाप मारली. राखीनं त्याच्या बरगड्यांत लाथ घातली. तो मातीत लोळायला लागला.

"पाणी आण गं," मामा म्हणाले.

मी आणलं नाही.